शंभर मीटरच्या आत

आमच्या लोणार गावात दैत्यसूदनाच्या देवळाबाहेर एक पाटी आहे. हे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचे असून त्याची नासधूस करणाऱ्यास शिक्षा होईल, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर आहे. लहानपणी लपाछपी खेळताना ज्याच्यावर राज्य येई त्याने ह्या पाटीला डोके टेकून शंभरपर्यंत आकडे म्हणायचे, असा आमचा नियम होता. शंभर ह्या आकड्याशी पुढे आमच्या गल्लीचा इतका जवळचा संबंध येईल, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

२०२२ च्या उन्हाळ्यात एके दिवशी दोन माणसे मोजणीचा लांब टेप घेऊन आली. देवळाच्या आवाराच्या हद्दीला एक टोक धरून त्यांनी मोजणी सुरू केली. गल्ली वाकडी आणि टेप सरळ. त्यामुळे तो एका घराच्या ओसरीवरून, दुसऱ्याच्या परसातून, तिसऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांखालून पुढे सरकत होता. मागे पोरांची मिरवणूक. बायका दारात येऊन उभ्या. टेप आमच्या शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघराच्या भिंतीशी येऊन थांबला तेव्हा आकडा शंभराच्या पुष्कळच अलीकडे होता. काकूंनी आमच्या दाराकडे पाहिले. मी आत गेले.

कारण ती मोजणी ज्या तक्रार-अर्जावरून झाली, तो अर्ज माझ्या अक्षरात होता.

मित्रहो, ही गोष्ट महाविद्यालयाच्या वार्षिकात लिहावी की नाही, ह्याचा मी बरेच दिवस विचार केला. शेवटी लिहायचे ठरवले. ऐतिहासिक वारसा ह्या विषयावर दरवर्षी आपल्या अंकात निबंध येतात आणि त्यांत ‘वारसा जपणे हे आपले आद्य कर्तव्य आहे’ असे वाक्य हटकून असते. मीही एके काळी ते लिहिले आहे. परंतु त्या वारशाला चिकटून ज्यांची न्हाणी आणि चुली आहेत त्यांचे काय होते, हे त्या निबंधांत कधी येत नाही.

लोणार म्हटले की बाहेरच्या माणसाला सरोवर आठवते. उल्केच्या आघाताने बेसॉल्ट खडकात झालेले, सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे ते विवर जगप्रसिद्ध आहे आणि २०२० च्या नोव्हेंबरात त्याला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा तर वर्तमानपत्रवाले आमच्या गावात मुक्कामाला होते. पण गावात राहणाऱ्या माणसाच्या रोजच्या वाटेत सरोवर येत नाही, देऊळ येते. दैत्यसूदनाचे हे मंदिर ऐन वस्तीत आहे. विष्णूने लवणासुराला मारले, त्या कथेचे हे देऊळ. तारकाकृती मांडणी, कोनाकोनांतून फिरत गेलेल्या भिंती आणि त्यांवरची शिल्पे पाहून लांबून आलेली माणसे थक्क होतात. आम्ही त्याला हेमाडपंती म्हणून मोकळे होतो. जाणकार ते चालुक्य-यादव काळातले सांगतात. आणखी एक गोष्ट मला नेहमी गमतीची वाटते. दगडी भिंतींच्या वर, माथ्याकडे, विटांचे काम दिसते. मूळच्या दगडी कामाहून ते निराळे आहे हे कोणालाही कळते. म्हणजे वाढीव बांधकाम देवालाही चुकलेले नाही! असो.

देवळाभोवती घरे इतकी दाटून का आली, असा प्रश्न पाहुणे विचारतात. त्याचे उत्तर सोपे आहे. देवाच्या आसऱ्याला माणसे राहतात. सरोवरातील क्षारांचा व्यापार तर फार जुना; अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त लोणारच्या परिसरात काच आणि साबण करण्याचे साहित्य मिळते असे नोंदवले आहे. व्यापार, धार-तीर्थ, कमळजादेवीची नवरात्रातली यात्रा, ह्या सगळ्यांवर गाव जगले आणि देवळाला बिलगून वाढले. ही घरे अतिक्रमणाची नव्हेत. पणजोबांच्याही आधीपासूनची ही पांढरी आहे.

घरे कशी, तर मातीच्या रुंद भिंती, लाकडी खांब, वर माळवद. आत ओसरी, माजघर, भिंतीत देवळ्या आणि एखादे बळद. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. अशा घरांचे गुणगान शहरातले वास्तुतज्ज्ञ हल्ली पुष्कळ करतात, आणि ते खरेही आहे. मात्र दरवर्षी मृगाच्या आधी त्या माळवदावर पांढरी माती कोण आणि कोठून आणून टाकणार, हे ते सांगत नाहीत. ती माती आणणारी गाढवे गेली, ती पसरणारे हात गेले. पावसाळ्यात रात्री-बेरात्री उठून गळतीखाली पातेली मांडावी लागतात. आणि घर तेवढेच राहिले तरी कुटुंब तेवढेच राहात नाही. माझ्या आजीचे ह्यावरचे मत एका वाक्याचे आहे : “घर वाढवू नका म्हन्तात, पन घरातले मानसं तं वाढले ना!”

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते, कारण आमच्या गल्लीत ज्यांनी ह्या कायद्यावरून एकमेकांची डोकी फोडायची बाकी ठेवली, त्यांतल्या एकानेही तो वाचलेला नव्हता. मीही अर्ज लिहिताना वाचलेला नव्हता. प्राचीन स्मारकांविषयीचा केंद्राचा कायदा १९५८ चा. १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंतचा पट्टा प्रतिबंधित आणि त्यापुढचा दोनशे मीटरचा पट्टा नियंत्रित ठरला. मध्यंतरी एका सल्लागार समितीच्या शिफारशीवरून प्रतिबंधित पट्ट्यातही काही परवानग्या दिल्या जात. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती पद्धत बेकायदा ठरवली आणि २०१० मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती करून शंभर मीटरची मर्यादा कायद्यातच घातली. राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण त्याच दुरुस्तीने आले. मर्यादा मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

ह्यात दोन बारकावे आहेत आणि आमच्या सगळ्या भांडणाचे मूळ त्यांत आहे. पहिला असा की शंभर मीटर देवळाच्या भिंतीपासून मोजायचे नसून संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून मोजायचे असतात. गल्लीतली निम्मी माणसे गाभाऱ्यापासून पावले टाकून ‘आपण बाहेर आहोत’ असे समाधान करून घेत होती. दुसरा बारकावा अधिक महत्त्वाचा. ‘बांधकाम’ ह्या शब्दात कायद्याने आडवी आणि उभी, दोन्ही वाढ धरली आहे. मागे न्हाणी काढली तरी ते बांधकाम, वर खोली चढवली तरी ते बांधकाम. परंतु १९९२ च्या जूनपूर्वी उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती किंवा नूतनीकरण मात्र रीतसर अर्ज करून करता येते. म्हणजे गळके माळवद दुरुस्त करण्याची वाट मुळात बंद नाहीच. पण ही वाट आहे हे गल्लीला कोणी सांगितले नाही. ‘शंभर मीटरच्या आत काहीच करता येत नाही’ हे एकच वाक्य तोंडोतोंडी फिरत राहिले. परिणाम असा की ज्याला खरोखर दुरुस्तीच हवी होती त्यानेही अर्ज केला नाही. रात्री विटा आणल्या, पहाटे भिंत घातली. आणि एकदा चोरून करायचेच, तर दुरुस्तीवरच का थांबा? एक खोली वाढवून घेतलेली काय वाईट!

शेजारच्या काकांचेही असेच झाले. त्यांचे घर आणि आमचे घर ह्यांत एक सामाईक भिंत आहे. दोन खोल्यांत काका, काकू, म्हातारी आई, मुलगा आणि मुलगी. मुलाचे लग्न झाले तेव्हा सून कोठे राहणार हा प्रश्न आला, आणि एका उन्हाळ्यात त्यांनी माळवद उतरवून चार कॉलम उभे केले. वर एक खोली काढायची होती. सुखासाठी कोणी खोली काढत नव्हते, हे मला तेव्हाही कळत होते. त्यांची मुलगी माझी पहिलीपासूनची मैत्रीण. ती रात्री अभ्यासाला आमच्याकडे येई, कारण तिच्या घरी दिवा लावून बसायला जागा नसे.

मग आम्ही तक्रार का केली? देवळासाठी? प्रामाणिकपणे सांगायचे तर देवळाचा विचार आमच्या घरात कोणाच्या मनात आला नव्हता. त्यांच्या माळवदाच्या पन्हाळाचे पाणी वीस वर्षे आमच्या भिंतीवर पडत होते. त्यावरून आजोबांच्या वेळेपासून कुरबुर होती. वर खोली झाली असती तर आमच्या अंगणातले सकाळचे ऊन गेले असते. आई जिथे कुरडया आणि मिरच्या वाळवते तेवढीच उन्हाची जागा आमच्याकडे आहे. बाबा एकदा बोलायला गेले. “आमच्या जागेत आमी बांधतो, तुमाले काय?” असे उत्तर आले. बाबा घरी आले, पाणी प्यायले आणि मला म्हणाले, “तू इतिहास घेतला ना? एक अर्ज लिही.”

आणि मी लिहिला! आपल्या थोर पूर्वजांनी निर्माण केलेल्या अद्वितीय शिल्पवैभवास ह्या बेकायदा बांधकामामुळे बाधा पोहोचत असून, अशी सुरुवात केली. स्मारकाचे सौंदर्य, भावी पिढ्या, राष्ट्रीय अस्मिता, सगळे शब्द वापरले. पन्हाळाचा उल्लेख नाही, कुरडयांचा नाही. बाबांनी तो वाचून माझ्या पाठीवर हात ठेवला. शिकल्याचे सार्थक झाले, असे त्यांना वाटले असावे. मलाही वाटले.

मोजणी झाली, नोटीस आली, काम थांबले. माळवद उतरवलेले होते आणि स्लॅब पडला नव्हता, अशा अवस्थेत पावसाळा आला. टिनपत्रे टाकून त्यांनी तो काढला. मुलगा आणि सून भाड्याची खोली घेऊन मेहकरला गेले. म्हातारी आजी आता ओसरीवर ताडपत्रीच्या आडोशाला झोपते. मैत्रीण एस. टी.त माझ्या शेजारी बसेनाशी झाली. थोड्याच दिवसांत आमच्याविरुद्ध अर्ज गेला, कारण आमची मागची खोली आणि न्हाणीघर २००१ सालचे, म्हणजे १९९२ नंतरचे, आणि परवानगी कोणी काढली होती? त्या अर्जातही आपल्या थोर पूर्वजांचा उल्लेख होता असे ऐकले. म्हणजे माझाच मजकूर गल्लीत फिरून माझ्या दारात परत आला.

त्यानंतर मी गल्लीत हिशेब करत फिरले. निष्कर्ष मजेशीर आहे. ज्याचा स्लॅब आधी पडला तो वारसाप्रेमी, ज्याचा पडायचा राहिला तो अतिक्रमणवाला. भावाभावांत वाटणी झाली की एकजण दुसऱ्याच्या भिंतीचा फोटो काढून ठेवतो. नगरपालिकेची निवडणूक आली की अर्जांची संख्या वाढते. कायदा केला दगडाच्या रक्षणासाठी, आणि वापरला जातो शेजाऱ्याच्या कपाळात घालायचा दगड म्हणून. अर्ज लिहिणाऱ्यांपैकी किती जण गेल्या वर्षभरात देवळात गेले होते? मी स्वतः गेले नव्हते.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग कायदाच नको. आमच्या गल्लीत असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्या बाजूची नाही. २०१३ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी देशातल्या संरक्षित स्मारकांची पाहणी केली तेव्हा ९२ स्मारके जागेवर सापडतच नाहीत असे नोंदवले होते. त्यांतली काही पुढे शोधून काढण्यात आली, काही नाही. राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक शोधावे लागते, ह्याचा अर्थ त्याच्यावर कोणाचे तरी घर उभे राहिले किंवा रस्ता गेला. राजस्थानात जैसलमेरच्या किल्ल्यात आजही माणसे राहतात. नळ घरोघर गेले, सांडपाण्याची सोय मात्र जुनीच, आणि ते पाणी पायात मुरून बुरूज खचले. तिथल्या लोकांचा काही वाईट हेतू नव्हता. एकेकाने एकेक मोरी काढली एवढेच.

आणि आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांच्या समाधीच्या जतनाचे काम चालू असताना २०२४ मध्ये जमिनीखालून जुन्या शिवमंदिराचे अवशेष आणि पुढे शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. मूर्ती दोन मीटरहून अधिक खोल होती. आमच्या गल्लीत कॉलमचा खड्डा पाच-सहा फूट जातो. दैत्यसूदनाच्या भोवती, आमच्या चुलींच्या खाली काय आहे हे कोणाला माहीत आहे? खड्डा खणताना कोरीव दगड लागला तर मिस्त्री तो मुकाट्याने पायात दाबून टाकतो, कारण बोभाटा झाला तर काम बंद पडेल ही भीती. हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या २००१ च्या न्हाणीघराच्या पायात असा एक दगड आहे. लहानपणी मी तो पाहिला होता. त्यावर कमळाच्या पाकळ्या होत्या.

तेव्हा मर्यादा हवीच. वाद मर्यादेचा नाही. ती कशी आखली आणि कोणासाठी सैल झाली ह्याचा आहे. शंभर मीटरचे वर्तुळ गल्लीत उंच-सखल बघत नाही, देवळाच्या अंगावर येणारी तीन मजली इमारत आणि तीन घरांच्या मागे दडलेली न्हाणी ह्यांत फरक करत नाही. लोणारसारख्या गावात संरक्षित स्मारके अनेक. दोन जवळ असली की वर्तुळे एकमेकांवर चढतात. पुण्यात शनिवारवाड्याभोवतीच्या जुन्या वाड्यांतली माणसेही ह्याच शंभर मीटरांमुळे वर्षानुवर्षे पडक्या भिंतींत अडकून आहेत, मग आमच्या लोणारची काय कथा! उलट सरकारला स्वतःच्या कामांसाठी मात्र ही मर्यादा जाचक वाटली : २०१८ च्या जानेवारीत सार्वजनिक कामांना प्रतिबंधित क्षेत्रात मुभा देणारे विधेयक लोकसभेने मंजूर केले. पुढे राज्यसभेत ते प्रवर समितीकडे गेले आणि कायदा काही झाले नाही. मोठ्या पुलासाठी निदान विधेयक तरी निघाले. काकूंच्या सुनेच्या खोलीसाठी कोण विधेयक आणणार?

काहीजण याच्या नेमके उलटे टोक गाठतात. देवळाभोवतालची घरे सरळ उठवा, बगीचा करा, दिवे लावा, पर्यटन वाढेल. वर्गात चर्चा झाली तेव्हा दोघा-तिघांचे हेच मत पडले. ऐकायला सुंदर वाटते. परंतु उठवलेली माणसे कोठे जाणार, हे विचारले की उत्तर येते, ‘सरकार बघेल’. शिवाय ज्या देवळाच्या भोवती संध्याकाळी कोणाच्या घरात कुकरची शिट्टी होत नाही, पोरे लपाछपी खेळत नाहीत, ते देऊळ रात्री कोणाच्या भरवशावर राहणार?

इतर ठिकाणी काय करतात हे वाचताना मला एक गोष्ट फार पटली. इंग्लंडात १९६७ पासून जुन्या वस्त्यांची संरक्षित क्षेत्रे ठरवलेली आहेत. तिथे घराला खोली वाढवायची तर अर्जाची सूचना रस्त्यावर लावली जाते आणि शेजाऱ्याला आपले म्हणणे मांडता येते, पण बांधकामाच्या आधी. भांडणे तिथेही होतात, भरपूर होतात. पण कागदावर, आणि सळया उभ्या राहण्यापूर्वी. आपल्याकडे शेजाऱ्याला कोणी विचारत नाही, म्हणून तो नंतर तक्रार करतो. आधी विचारले असते तर बाबांनी काय सांगितले असते? पन्हाळ त्या बाजूला काढा आणि खोली दोन हात मागे घ्या, एवढेच. काकांनी ते ऐकलेही असते. दोघांचेही जे खरे म्हणणे होते त्याला अर्जात जागा नव्हती, म्हणून दोघांनीही खोट्या म्हणण्याचा आसरा घेतला.

मुंबईने १९९५ मध्ये वारसा-नियमावली केली, इमारतींच्या श्रेणी ठरवल्या. तिथे ज्या मालकाला बांधता येत नाही त्याला विकासहक्क दुसरीकडे विकता येतात. हा उपाय आमच्याकडे कोणी सुचवला तर हसू येईल. लोणारात ते हक्क विकत घेणार कोण? इथे उपाय साधे लागतील. ज्याचे घर आतल्या पट्ट्यात आहे आणि कुटुंब वाढले आहे, त्याला वाढीव खोलीऐवजी गावाबाहेर जागा आणि तिथे घरकुल द्यावे. जुन्या घराचे माळवद दुरुस्त करायला वेगळे पैसे द्यावेत, म्हणजे म्हातारी माणसे तिथे राहतील आणि तरुण पलीकडे. प्रधानमंत्री आवास योजनेत शहरी लाभार्थ्याला स्वतःचे घर बांधायला केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाख रुपये मिळत आले. पण ज्याच्या नावावर फक्त शंभर मीटरच्या आतलीच जागा आहे, त्याला ते पैसे असून नसल्यासारखे.

आणि प्रत्येक स्मारकाचे स्वतंत्र उपविधी असावेत, हे त्याच २०१० च्या कायद्यात सांगितलेले आहे. आजूबाजूच्या घरांची उंची किती, दर्शनी भाग कसा, ह्याचा विचार त्यांत स्थळ पाहून व्हायचा आहे. असे उपविधी इंग्रजीत छापून दिल्लीच्या कपाटात राहिले तर उपयोग शून्य. ते मराठीत हवेत, देवळासमोरच्या पाटीइतक्याच मोठ्या अक्षरात हवेत, आणि एखाद्या रविवारी पारावर बसून वाचून दाखवले पाहिजेत. आपल्या इतिहास विभागाने ह्यात हात घालावा असे मला वाटते. दर वर्षी सहल वेरूळला जाते. एक वर्ष ती आमच्या गल्लीत आणा. घराघराची मोजणी करू, कोणते घर १९९२ च्या आधीचे ह्याचे पुरावे (जुने कर-पावत्यांचे कागद, लग्नातले फोटो) गोळा करू, कोणाच्या भिंतीत कोणता कोरीव दगड आहे त्याची नोंद करू. दगड दाखवणाऱ्याला त्रास होणार नाही एवढी हमी मात्र आधी मिळाली पाहिजे. नाहीतर कोणी दार उघडणार नाही, आणि का उघडावे?

अर्ज मागे घेता येईल का, हे विचारायला मी गेल्या वर्षी गेले होते. तक्रार मागे घेतली तरी बांधकाम बेकायदाच राहते, असे मला सांगण्यात आले. ते बरोबरच आहे. बाबांना मी गेल्याचे कळले तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत मात्र मी काकूंकडे गेले. निदान माळवद पूर्वी होते तसे पुन्हा घालून घेण्याच्या परवानगीचा अर्ज भरून देते, असे म्हटले. काका घरात नव्हते. काकू थोडा वेळ गप्प राहिल्या, मग पेटीतून जुन्या कराच्या पावत्या आणि सासऱ्यांच्या वेळचा एक फोटो काढून माझ्यापुढे ठेवला. अर्जात घराचे स्मारकापासून अंतर लिहायचे होते. मी टेप आणला होता. त्याचे एक टोक त्यांनी धरले आणि आम्ही दोघी देवळाच्या हद्दीपर्यंत तुकड्या-तुकड्याने मोजत गेलो. मैत्रीण दारात उभी राहून आकडे वहीत लिहून घेत होती. गल्लीतल्या बायका पुन्हा बाहेर आल्या होत्या.

अर्ज पुरा झाला. काकूंनी सही केली. चहाचे मात्र त्यांनी मला विचारले नाही.

— बी. ए. भाग तीन